गेमची वर्गणी, सास्तूरचा हिशोब

बारावीचा निकाल लागल्यावर चौथ्या दिवशी सास्तूरहून भाच्याचा फोन आला. "मामा, आई हो म्हणलीय. साठ हजारापर्यंत. आता तुम्ही सांगा, गेमिंग पीसी घेऊ का प्लेस्टेशन?" मागून बहिणीचा आवाज आला, "अभ्यासालाबी आलं पाहिजे म्हणावं ते!" प्रश्न पुरता विचारून व्हायच्या आत निम्मं उत्तर स्वयंपाकघरातून आलेलं होतं. तरी मी दोन दिवसांची मुदत मागितली. लागले पंधरा.

लागले, कारण या विषयावर जे वाचायला-बघायला मिळतं ते सगळं शहरातल्या घराकडे बघून केलेलं. घरात फायबरची जोडणी आहे, लाइट जात नाही, यंत्र बिघडलं तर सर्व्हिस सेंटर चार चौक पलीकडे, हे सगळं गृहीत. सास्तूर म्हणजे लोहारा तालुक्यातलं, किल्लारीच्या शेजारचं गाव. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने ते पाडलं आणि मग ते नव्याने उभं राहिलं. तिथे गृहीत धरायचं झालं तर एवढंच, की काहीच गृहीत धरायचं नाही.

आणखी एक विचित्र योग. त्याच १९९३ मध्ये कॅपकॉम या जपानी कंपनीचा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' हा पार्लरमध्ये खेळायचा गेम बाजारात आला. या नावाने तो आपल्याकडे कुणाला आठवत नाही. 'मुस्तफा' म्हटलं की चाळिशी ओलांडलेली माणसं एकदम पोरं होतात. नाणं टाका, खेळा, मेला की पुन्हा नाणं. पुढे घरी जोडायच्या यंत्राच्या कॅसेटी आल्या, त्या दिवसाच्या भाड्याने मिळायच्या. मग सीडी, डीव्हीडी. मधल्या काळात 'क्रॅक' केलेले गेम पेनड्राइव्हवरून गावोगाव फिरले आणि त्यांच्याबरोबर व्हायरसही फिरले. वर्गणी हे या वाटेवरचं आत्ताचं ठिकाण.

भाच्याला गेम विकत घ्यायचेच नव्हते. नवा मोठा गेम चार-पाच हजारांच्या घरात जातो, ते परवडायचं नाही हे त्याला ठाऊक होतं. त्याला महिन्याला ठरावीक रक्कम भरून शेकडो गेमच्या कपाटातून हवा तो उतरवून खेळायचा होता. ही चाल आपल्याला नवी नाही. वाचनालयात अनामत ठेवून, वर्गणी भरून एक पुस्तक आणि एक मासिक घरी आणायचं, यावर महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्या वाचायला शिकल्या. मायक्रोसॉफ्टने जून २०१७ मध्ये 'गेम पास' सुरू केला तो याच चालीवर. सोनीची 'प्लेस्टेशन प्लस' त्याच्याही आधीची, २०१० ची. पण जून २०२२ मध्ये तिच्या तीन पायऱ्या झाल्या आणि वरच्या दोन पायऱ्यांवर मोठं कपाट उघडायला लागलं.

वाचनालयाशी साम्य आहे तसा एक फरकही आहे, आणि तो भाच्याला समजावायला मला वेळ लागला. या कपाटातले गेम जातात. कंपनीने गेमच्या मालकाशी केलेला करार संपला की ठरल्या तारखेला गेम बाहेर. 'ग्रँड थेफ्ट ऑटो ५' गेम पासमध्ये जानेवारी २०२० ला आला आणि मे महिन्यात गेला. नंतर पुन्हा आला, पुन्हा गेला. निम्मा खेळून झाला असेल तर तुमची खेळी जपून राहते, पण पुढे खेळायला गेम विकत घ्यावा लागतो, नाहीतर तो परत यायची वाट बघावी लागते. वर्गणी थांबवली तर सगळं कपाटच बंद.

शिवाय वर्गणी वाढते. प्लेस्टेशन प्लसच्या मधल्या पायरीची वर्षाची वर्गणी भारतात २०२२ ला ४,९९९ रुपये होती, सप्टेंबर २०२३ मध्ये ती ६,६९९ झाली. गेम पासच्या सर्वांत वरच्या पायरीचा अमेरिकेतला महिन्याचा दर ऑक्टोबर २०२५ मध्ये १९.९९ डॉलरवरून एका झटक्यात २९.९९ डॉलरवर नेला गेला, आणि आपल्याकडचे दरही तेव्हा वर सरकले. ६,६९९ रुपये पाच वर्षं भरले तर तेहतीस हजारांच्या वर जातात. "मामा, मग यंत्राची किंमत कशाला बघायची?" भाचा म्हणाला. बरोबर बोलला. यंत्राची एकट्याची किंमत बघून कधीच ठरवू नये.

आता यंत्रं. आमच्याकडे मोठी रक्कम सोयाबीनमध्ये मोजायची सवय आहे. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरला. प्लेस्टेशन ५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये आला तेव्हा डिस्क घालता येणारं मॉडेल ४९,९९० ला होतं. पुढच्या वर्षाअखेर ते ५४,९९० झालं. म्हणजे दहा क्विंटलच्या आसपास, तेही हमीभाव खरोखर हातात पडला तर. जुनं झालं की यंत्र स्वस्त होतं हा आपला आजवरचा अनुभव, तो या पिढीच्या कन्सोलांनी खोटा पाडला.

तरीही तेवढ्या पैशांत तेवढ्या ताकदीचा कॉम्प्युटर जुळवायला गेलं तर तो जुळत नाही, आणि याचं कारण मजेशीर आहे. कन्सोलच्या पोटात काही जादू नाही. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स या दोन्हींत एएमडी या कंपनीची चिप आहे, म्हणजे कॉम्प्युटरच्याच घराण्यातली. काम तेच: पडद्यावरचे ठिपके रंगवणं. साध्या फुल एचडी पडद्यावर १,९२० गुणिले १,०८० म्हणजे वीस लाखांवर ठिपके असतात, आणि गेम गुळगुळीत दिसायला ते सेकंदाला साठदा नव्याने रंगवावे लागतात. सेकंदाला बारा कोटींच्या वर ठिपके! हे काम एकटा हुशार कारागीर करू शकत नाही, तिथे हजारो साधे मजूर एकदम कामाला लागतात. ते मजूर म्हणजे ग्राफिक्सची चिप, आणि गेमिंग कॉम्प्युटरमधला सर्वांत महाग भाग बहुधा तोच.

मग कन्सोल स्वस्त कसा? कारण विकणाऱ्याला नफा यंत्रावर नको असतो. एपिक विरुद्ध अ‍ॅपल या खटल्यात मे २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका अधिकाऱ्याने शपथेवर सांगितलं, की एक्सबॉक्सच्या यंत्राच्या विक्रीतून कंपनीला कधीच नफा झालेला नाही. पैसा येतो तो त्यावर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गेममधल्या वाट्यातून आणि वर्गणीतून. उपमा जड आहे, पण आमच्या भागात ती लगेच कळते: ही उचल आहे. हंगामाच्या आधी हातात पैसे, आणि मग हंगामभर फेड. कन्सोलवर विकत घेतलेला गेम मित्रांशी ऑनलाइन खेळायचा असेल तरी बहुतेक वेळा वर्गणी भरावीच लागते. फुकट मिळणाऱ्या गेमना तेवढी सूट. कॉम्प्युटरवर ऑनलाइन खेळण्यापुरती अशी वर्गणी कुणी मागत नाही.

यंत्र निवडलं की वाचनालयही निवडलं गेलं, हेही इथेच सांगून टाकतो. गेम पास प्लेस्टेशनवर चालत नाही. प्लेस्टेशन प्लसचं कपाट भारतात प्लेस्टेशनपुरतंच. कॉम्प्युटरवर पीसी गेम पास आहे, त्याखेरीज दुकानंही बरीच आहेत. एपिक डिसेंबर २०१८ पासून ठरावीक दिवसांनी, बहुधा दर आठवड्याला, एखादा गेम फुकट देतं आणि तो खात्यात कायमचा राहतो. स्टीमवर सेल लागला की जुने चांगले गेम वडापावच्या हिशोबात मिळतात. म्हणजे वर्गणी बंद पडली तरी कॉम्प्युटर ओस पडत नाही. उलट बाजूही आहे: काही गेम कन्सोलवर आधी येतात. तोच 'ग्रँड थेफ्ट ऑटो ५' कन्सोलवर सप्टेंबर २०१३ मध्ये आला, कॉम्प्युटरवर एप्रिल २०१५ मध्ये. दीड वर्ष! अठराव्या वर्षी दीड वर्ष म्हणजे काय असतं ते आठवून बघा.

इथपर्यंतचा हिशोब पुण्यालाही लागू. सास्तूरचा हिशोब पुढे सुरू होतो, आणि तो नेटपासून.

लोकांचा एक समज असतो, की वर्गणीचा गेम म्हणजे यूट्यूबसारखा, बटण दाबलं की चालू. तसं नाही. गेम आधी पूर्ण उतरवून यंत्रात ठेवायचा असतो, मग तो यंत्राच्या ताकदीवर चालतो. नेट लागतं ते उतरवायला, अपडेटला आणि वर्गणी चालू आहे ना हे अधूनमधून तपासायला. आणि हे गेम अवाढव्य आहेत. आजच्या मोठ्या गेमला शंभर जीबी ही नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. मोबाइलचं रोज दोन जीबीचं पॅक असेल तर एक गेम उतरवायला पन्नास दिवस. तेही घरातल्या कुणी त्या पन्नास दिवसांत एकही रील न बघता. चाळीस मेगाबिटची तारेची जोडणी मिळाली आणि ती खरोखर चाळीसनेच चालली, तर साडेपाच तास. गावात सरकारच्या भारतनेट योजनेची तार ग्रामपंचायतीपर्यंत येणं आणि तिथून आपल्या घरातल्या डब्यापर्यंत येणं या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हे खेड्यात राहणाऱ्याला सांगायला नको.

उतरवलेलं ठेवायला जागाही हवी. प्लेस्टेशन ५ च्या पहिल्या मॉडेलमध्ये ८२५ जीबी लिहिलेले, वापरायला ६६७. एक्सबॉक्स सिरीज एस या धाकट्या यंत्रात ५१२ लिहिलेले, हाती ३६४. म्हणजे सिरीज एसमध्ये तीन-चार मोठे गेम. पाचवा आणायचा तर एक पुसा, आणि पुसलेला परत हवा असेल तर पुन्हा साडेपाच तास, किंवा पुन्हा पन्नास दिवस. शहरातल्या मुलाला वर्गणीचं कपाट शंभर गेमचं वाटतं. कमी नेटवाल्या गावातल्या मुलाला ते प्रत्यक्षात तीन-चार गेमचं असतं, आणि तो पैसे मात्र शंभर गेमचे भरतो. ही गोष्ट मला कुठल्याही तुलनेत लिहिलेली दिसली नाही.

भाच्याने यावर जे उत्तर काढलं ते ऐकून मी खूश झालो. त्याचा मित्र लातूरला शिकायला आहे, खोलीवर चांगली जोडणी आहे. आमच्या भागातून लातूरला शिकणाऱ्या पोरांचे डबे एसटीने जातात, हे सगळ्यांना माहीत. "डबा जातो तसा तिकडून गेम येईल की!" म्हणजे मित्राने तिकडे उतरवायचं, बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यायचं, आणि डिस्क एसटीने सास्तूरला. मी कागदावर मांडून बघितलं. एक टीबीची भरलेली डिस्क दोन तासांत पोचली असं धरलं, तर एसटीचा वेग सेकंदाला अकराशे मेगाबिटच्या वर भरतो. एवढं नेट लोहाऱ्यातच काय, मुंबईतही थोड्यांच्या घरी असेल. (वाटेत गाडी बंद पडली तर वेगळं.)

पण हा डबा कोणत्या यंत्रात उघडतो, हे पाहावं लागतं. एक्सबॉक्सवर बाहेरच्या डिस्कवरून गेम हलवता येतो. स्टीमचे गेम एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर सहज जातात. फेब्रुवारी २०२३ पासून तर दोन यंत्रं एकाच वायफायवर असली की स्टीम ते आपणहून करतं. पीसी गेम पासच्या गेममध्ये हीच नक्कल जास्त कटकटीची, कारण विंडोज त्या फाइली कुलूप लावून ठेवतं. तिथे सरळ यंत्रच उचलून नेटकडे न्यावं. सिरीज एसचं वजन दोन किलोच्या आत, लॅपटॉपचं दोन-अडीच. डेस्कटॉपचा डबा, मॉनिटर आणि वायरींचा भारा घेऊन मात्र एसटीत कुणी चढत नाही.

डिस्क घालायचं प्लेस्टेशन घेतलं तर नेट लागत नाही, हाही अर्धा समज. डिस्कवरून गेम बसतो, पण पहिल्याच दिवशी कित्येक जीबीचं अपडेट मागतो. तरी डिस्कचा एक गुण वर्गणीला कधी येणार नाही: ती मित्राला देता येते, खेळून झाल्यावर विकता येते. गावात चार पोरांकडे तेच यंत्र असेल तर चौघांनी चार डिस्क घेऊन फिरवणं हे मला वर्गणीपेक्षा शहाणपणाचं वाटतं.

नेटवरून थेट चालवायचा गेम, ज्याला क्लाउड गेमिंग म्हणतात, त्याबद्दल थोडंच. त्यात यंत्र लांब कुठेतरी असतं, आपल्याकडे फक्त चित्र येतं. दहा मेगाबिटचं साधं चित्र धरलं तरी तासाला साडेचार जीबी जातात. रोजचं दोन जीबीचं पॅक सत्तावीस मिनिटांत संपलं. शिवाय बटण दाबल्याचा निरोप मुंबईला जाऊन चित्र परत यायचं. तारेतला प्रकाश ते अंतर पाच-सहा मिलिसेकंदांत कापतो, पण वाटेतली यंत्रं, टॉवर, गर्दी यांत त्याचे पन्नास-साठ किंवा शंभरही होतात. सेकंदाला साठ चित्रांच्या खेळात एक चित्र साडेसोळा मिलिसेकंदांचं. तुम्ही उडी मारता तेव्हा खड्डा मागे गेलेला असतो. गूगलने 'स्टेडिया' नावाने २०१९ मध्ये हाच उद्योग मोठ्या थाटात मांडला आणि जानेवारी २०२३ मध्ये गुंडाळला. सास्तूरला सध्या हा विषय नाही.

आणि लाइट. कन्सोल मोठा गेम चालवताना साधारण दोनशे वॅट खातो, म्हणजे पाच तासांना एक युनिट. ग्राफिक्स कार्डवाला डेस्कटॉप मॉनिटरसकट चारशेच्या आसपास, अडीच तासांना एक. बिलाचा फरक माणूस सोसतो, पण अपडेट चालू असताना लाइट गेली तर मनस्ताप होतो. घरच्या इन्व्हर्टरला लाइट गेल्यावर बॅटरीवर यायला क्षणभर लागतो. पंख्याला ते कळत नाही, डेस्कटॉप मात्र बंद पडून पुन्हा सुरू होतो. म्हणून वेगळा यूपीएस घ्या, किंवा इन्व्हर्टरला यूपीएसचं बटण असेल तर ते दाबा. लॅपटॉपच्या पोटात बॅटरी असते, त्यामुळे तिथे हा प्रश्नच येत नाही. बॅटरीवर गेम संथ होतो, पण बंद पडत नाही.

धूळ विसरू नका. सोयाबीनची मळणी चालू असते त्या दिवसांत घरातली प्रत्येक वस्तू पिवळट होते. डेस्कटॉपची बाजूची पट्टी उघडून ब्रश मारता येतो. कन्सोल उघडायला लोक घाबरतात, आणि वॉरंटीत उघडूही नये. बिघडला तर शहर गाठा. माझ्या ओळखीच्या एका घरातलं यंत्र दुरुस्तीला गेलं ते सव्वा महिन्याने आलं, वर्गणी मात्र दर महिन्याला नेमाने कापली जात होती.

शेवटचा मुद्दा घरात कोण कुठे बसतं हा. कन्सोलला टीव्ही लागतो. बहिणीच्या घरी टीव्ही एक, आणि संध्याकाळी सात ते दहा तो आजींचा. हा कायदा बदलणारा अजून जन्मला नाही. ज्यांच्या घरी टीव्ही मोकळा आहे, अभ्यासाला वेगळा लॅपटॉप आहेच, आणि निवांत सोफ्यावर बसून खेळायचंय, त्यांनी डोळे मिटून कन्सोल घ्यावा. एका रुपयात जास्तीत जास्त गेम त्यावरच मिळतो आणि ड्रायव्हर, सेटिंग असली झंझट नसते. भाच्याला लातूरला डिप्लोमाला जायचं होतं. तिथे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर लागणार, कोडिंग लागणार, प्रकल्पाचे अहवाल लागणार, आणि वर्षातून दहा वेळा कुठल्या ना कुठल्या पोर्टलवर फॉर्म भरावे लागणार. प्लेस्टेशनवर यातलं काही होत नाही.

डेस्कटॉप की लॅपटॉप यावर दोन दिवस गेले. त्याच पैशात डेस्कटॉप जास्त ताकदीचा, पुढे भाग बदलता येणारा, उन्हाळ्यात कमी तापणारा. मी त्याच्या बाजूचा. पण २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीच्या चिपा ओढून घेतल्या आणि रॅमचे भाव कडाडले, त्यामुळे 'आत्ता कमी घे, पुढे वाढव' हा जुना सल्ला मला छातीठोकपणे देता येईना. आणि वसतिगृहात डेस्कटॉप ठेवायचा कुठे?

शेवटी ग्राफिक्सवाला लॅपटॉप आला. बहिणीने वर सात हजार घातले, ते कुठून आले ते मी विचारलं नाही. वर्षाची वर्गणी घ्यायची नाही, असं आमचं ठरलं. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत एकेक महिना भरायची, लातूरहून निघायच्या आदल्या रात्री हवे ते तीन गेम भरून आणायचे, महिना संपला की बंद. परीक्षेच्या महिन्यात आपोआप पैसे कापले जाऊ नयेत म्हणून वर्गणी घेतल्याबरोबर पुढचं नूतनीकरण बंद करून टाकायचं. महिना पुरा चालतोच.

पहिल्या सुट्टीत मी सास्तूरला गेलो होतो. रात्री साडेदहाला, आजींची मालिका संपल्यावर, लॅपटॉप टीव्हीला जोडला. गेम चालू केला तर त्याने आधी अपडेट मागितलं, एकोणीस जीबी. मोबाइलच्या नेटवर. मी अंगणात बाज टाकून आडवा झालो. मध्यरात्री जाग आली तेव्हा खिडकीत उजेड होता. "झालं का रे?"

"नाही मामा, होलालंय अजून."

आतून आजींचा आवाज आला, "मग तोवर माझी मालिका लाव की परत."